मैदानातली पत्रं : मुतूचे गोल आणि मुतूचं देणं

गेल्या अंकात आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, येऊन गेलेल्या परदेशी फॉरवर्डांविषयी लिहिताना रोमानियाच्या आद्रियान मुतूला मी एका ओळीत उरकलं होतं : ‘पाय सोन्याचे, बाकीचं विचारू नका.’ आमचे वाचक असे की त्यांनी नेमकं बाकीचंच विचारलं. तेव्हा या खेपेला मुतूच. फातोर्ड्याच्या तिकिटांच्या तक्रारी पुढच्या अंकात घेऊ, त्या कुठे पळून जात नाहीत.

भाई, २०१५ साली मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. बालेवाडीला एफसी पुणे सिटीचे सामने बघायला जायचो, तिथे मुतूला पाहिलंय. मित्र म्हणायचे, हा म्हातारा कशाला आणलाय, धावतो कमी नि चालतोच जास्त. तो खरंच मोठा खेळाडू होता की नुसतं नाव? — एक वाचक, फोंडा

तुम्ही पाहिलात तो छत्तीस वर्षांचा मुतू. त्या वर्षी पुण्याचा प्रशिक्षक डेव्हिड प्लॅट होता, आणि आदल्या वर्षी याच पुणे सिटीनं फ्रान्सच्या दाव्हिद त्रेझगेला आणलं होतं. त्रेझगे आणि मुतू हे दोघे २००५-०६ मध्ये इटलीतल्या युव्हेंटसकडून एकत्र खेळलेले. म्हणजे पुणेकरांना दोन वर्षांत युव्हेंटसची जुनी आघाडी घरबसल्या बघायला मिळाली, जरा शिळी का होईना.

आणि चालण्याचं म्हणाल, तर चालणारा फॉरवर्ड बघायची एक रीत आहे. बॉलकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. तो सेंटर बॅकच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही अशा बाजूला जाऊन उभा राहतो का? बॉल लांब असताना मान वळवून गोली कुठे उभा आहे ते बघतो का? पाय थकले तरी ही खोड जात नाही. आमच्या बँकेच्या संघात एक चाळिशीतला सेंटर फॉरवर्ड होता. तो अख्ख्या सामन्यात दोनदा धावायचा, पण दोन्ही वेळा गोलीला वाकून जाळ्यातून बॉल काढावा लागायचा.

आता मूळ मुद्दा. मुतूचा जन्म ८ जानेवारी १९७९ चा, आर्जेश जिल्ह्यातल्या कालिनेश्तीचा. सुरुवात जवळच्याच पितेश्तीच्या क्लबात, तिथून राजधानीतल्या दिनामो बुखारेस्टमध्ये. तिथे गोलांची अशी रांग लावली की जानेवारी २००० मध्ये इंटर मिलाननं उचलला. इंटरमध्ये मोठमोठ्या नावांच्या गर्दीत त्याला फारशी जागा मिळाली नाही. मग व्हेरोना. तिथल्या दुसऱ्या हंगामात त्यानं बारा गोल केले, तरी व्हेरोना खालच्या श्रेणीत घसरला.

पण खरा मुतू बघायचा असेल तर पार्माचा २००२-०३ चा हंगाम शोधून बघा. प्रशिक्षक चेझारे प्रांदेली, जोडीला ब्राझीलचा आद्रियानो. आद्रियानो म्हणजे दांडगा गडी, बचावपटूंना अंगावर घेणारा. त्याच्यामागे दोघे लागले की मोकळ्या झालेल्या जागेत मुतू. ३१ सामन्यांत १८ गोल, आणि तेही इटलीत, जिथे त्या काळी एक गोल करायचा म्हणजे सरकारी कचेरीतून दाखला काढण्यासारखं होतं. त्या उन्हाळ्यात रशियन धनाढ्य अब्रामोविचनं नुकताच चेल्सी विकत घेतला होता आणि तो पैसे घेऊन बाजारात उतरला होता. ऑगस्ट २००३ मध्ये मुतू लंडनला गेला. पहिल्या तीन लीग सामन्यांत चार गोल! मग आटलं. तो पहिला हंगाम संपला तेव्हा लीगमधले गोल होते सहा. सप्टेंबर २००४ मध्ये चाचणीत कोकेन सापडलं, ऑक्टोबरमध्ये क्लबनं हाकललं, सात महिन्यांची बंदी आणि २० हजार पौंड दंड.

बहुतेक लोक त्याची गोष्ट इथेच संपवतात. मला ते पटत नाही, कारण त्याचं सगळ्यात पक्कं फुटबॉल यानंतरचं आहे. २००६ मध्ये तो फिओरेन्तिनाला गेला, पुन्हा प्रांदेलीच्या हाताखाली. इटलीतल्या सामने मॅनेज करण्याच्या भानगडीत फिओरेन्तिनाचे एकोणीस गुण आधीच कापलेले. म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधी उणे एकोणीस, ते हंगाम चालू असताना उणे पंधरावर आलं. लुका तोनी पुढे, मुतू त्याच्या डाव्या अंगाला. दोघांनी लीगमध्ये सोळा-सोळा गोल केले आणि संघ सहावा आला. पुढच्या वर्षी तोनी म्युनिकला निघून गेला, तर या पठ्ठ्यानं सतरा केले आणि संघ चौथा. आधार काढून घेतल्यावर फॉरवर्डचा आकडा वाढतो की घटतो, ही माझी त्याला तोलायची खूण.

नंतर चेसेना, मग फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरचा आजाक्सिओ, मायदेशी पेत्रोलुल प्लोयेश्ती, पुणे, आणि २०१६ मध्ये तिर्गु मुरेश. उतरणच होती ती. पण उतरणीवर माणूस तुमच्या बालेवाडीत येऊन खेळला, त्याला म्हातारा म्हणणाऱ्या मित्रांना माझा नमस्कार कळवा.

चेल्सीनं त्याला स्वतःच काढलं आणि वर त्याच्याकडूनच शंभर कोटींहून जास्त भरपाई मागितली, असं वाचलं. मी हिशेबनीस आहे, मला हा हिशेबच कळत नाही. — एक वाचक, मडगाव

तुम्ही हिशेबनीस, मी निवृत्त बँकवाला. चला, बसू या.

२०१२ मध्ये आपल्याकडे खाणी बंद पडल्या तेव्हा खाणीवरच्या ट्रकांच्या कर्जाच्या किती फायली माझ्या टेबलावरून गेल्या, ते सांगत बसत नाही. त्या फायलीतला हिशेब आणि मुतूचा हिशेब एकच. ट्रक घेतला एवढ्याला, वापरायचा इतके महिने, त्यातले इतके झाले. उरलेल्या महिन्यांची किंमत किती?

चेल्सीनं पार्माला २ कोटी २५ लाख युरो मोजले. करार ३० जून २००८ पर्यंत, म्हणजे पाच हंगाम, साठ महिने. ऑक्टोबर २००४ च्या अखेरीस हकालपट्टी, म्हणजे सोळा महिने वापरले, चव्वेचाळीस उरले. आता पेन्सिल घ्या. सव्वादोन कोटी भागिले साठ, महिन्याला पावणेचार लाख. गुणिले चव्वेचाळीस : १ कोटी ६५ लाख. त्यात करारावर सही करताना दिलेल्या पैशांतले उरलेले ३,०७,३४० आणि दलालाच्या मेहनतान्यातले ३,६६,६५० मिळवा. बेरीज १,७१,७३,९९० युरो. फिफाच्या तंटा निवारण समितीनं २००८ मध्ये मुतूला भरायला सांगितली ती रक्कम हीच, शेवटच्या शून्यापर्यंत. वर व्याज.

तो लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेला, २००९ मध्ये हरला. स्वित्झर्लंडच्या संघीय न्यायालयात गेला, २०१० मध्ये हरला. मग स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात. तिथे त्याचं म्हणणं असं की लवादच निःपक्षपाती नाही. निकाल लागला २ ऑक्टोबर २०१८ ला, आणि तिथेही त्याचं म्हणणं फेटाळलं गेलं. त्याच निकालात क्लाउडिया पेश्टाइन या जर्मन बर्फस्केटिंगपटूचंही प्रकरण होतं; तिची सुनावणी उघड व्हायला हवी होती एवढा एक मुद्दा न्यायालयानं मान्य केला. मुतूच्या पदरात काही पडलं नाही.

बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, त्यावर माझी हरकत नाही. हरकत नोंदीवर आहे. चेल्सीनं काढलं म्हणून तो मोकळा झाला. युव्हेंटसला तो हवा होता, पण युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंचा त्यांचा कोटा भरलेला, आणि रोमानिया तर २००७ पर्यंत संघाबाहेरच. मग जानेवारी २००५ मध्ये आधी लिवोर्नोच्या नावावर त्याची नोंदणी झाली आणि तिथून लगेच युव्हेंटस. चेल्सीला दमडी नाही. पुढे २००६ मध्ये युव्हेंटसनं त्याला फिओरेन्तिनाला विकलं आणि पैसे केले. मग चेल्सी म्हणाली, लिवोर्नो आणि युव्हेंटस यांनीही भरपाईत वाटा उचलावा. फिफानं आधी हो म्हटलं, पण २०१५ मध्ये लवादानं तो निर्णय उलटवला : खेळाडूला तुम्हीच काढलंत, तेव्हा नंतर घेणाऱ्याला धरता येणार नाही. म्हणजे मालकानं ट्रक स्वतःच्या हातानं गेटबाहेर लावला, शेजाऱ्यानं नेला, वर विकलासुद्धा, आणि बिल फाडलं ट्रकच्या नावावर. कायद्यात बसत असेल, पण माझ्या मॅनेजरनं ही फाइल परत पाठवली असती.

कोकेन घेतलं ते मुतूनं, कुणी जबरदस्तीनं पाजलं नाही, हे मात्र विसरून चालणार नाही. बंदी योग्यच होती.

माझा मुलगा सतरा वर्षांचा, फॉरवर्ड खेळतो. पुढच्या महिन्यात एका क्लबची निवड चाचणी आहे. वजन थोडं वाढलंय म्हणून जिममधल्या एकानं त्याला चरबी जाळायच्या गोळ्यांचा डबा दिलाय. ‘सगळं नैसर्गिक आहे’ म्हणतो. घेऊ द्यावा का? — एक आई, साखळी

वहिनी, नाही. डबा उघडला असेल तरी नाही.

मुतूचं दुसरं प्रकरण लोकांना फारसं माहीत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. जानेवारी २०१० मध्ये, फिओरेन्तिनाकडून खेळत असताना, तो पुन्हा चाचणीत सापडला. या वेळी कोकेन नव्हतं. सिब्युट्रामिन होतं, म्हणजे भूक मारणारं, वजन उतरवण्याचं औषध. नऊ महिन्यांची बंदी बसली, नंतर ती सहावर आली. एकतीस वर्षांचा खेळाडू, दिमतीला क्लबचा डॉक्टर, आणि एकदा हात पोळलेला असूनही हे झालं. हृदयाला धोका म्हणून याच औषधावर पुढे युरोपात आणि भारतातही बंदी आली. पण वजन उतरवायच्या ‘नैसर्गिक’ डब्यांत ते लेबलावर न लिहिता मिसळलेलं जगभर अनेकदा सापडलं आहे. त्यामुळे डब्यावर पानाफुलांची चित्रं आहेत याला काही अर्थ नाही.

खेळातला नियम साधा आणि कडक आहे : लघवीच्या नमुन्यात जे निघालं त्याला खेळाडू जबाबदार. कुणी दिलं, का दिलं, लेबलावर काय होतं, हे सगळं सांगून शिक्षा कमी होऊ शकते, पण डाग पुसत नाही. आपल्याकडे चाचण्या नाडा करते, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था. वयानं लहान म्हणून चाचणीतून कुणाला सूट नाही.

मुलाला ओरडू नका. निवड चाचणीच्या भीतीनं घेतोय तो. महिन्याभरात दोन किलो उतरवून कुणाची निवड होत नाही. निवड करणारे बघतात पहिल्या पाच यार्डांची धाव आणि बॉल थांबवायची पद्धत. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी नेहमीचं शीत-हुमण म्हणजे भात-कालवण, बांगडा तळण्याऐवजी भाजून, आणि संध्याकाळच्या सरावानंतर अंडी किंवा मूग. बाटलीतलं गोड सरबत तेवढं बंद करा. सर्दी-खोकल्याचं औषध घ्यायचं झालं तरी डॉक्टरला आधी सांगायला लावा की मी खेळाडू आहे, चाचणी होऊ शकते. जिमवाल्याला डबा परत द्या आणि पैसे मागा. नाही दिले तर सोडून द्या. ते पैसे शिकवणीचे समजा.

मी चौदा वर्षांचा. उजव्या पायाचा आहे, पण कोच मला डाव्या बगलेवर लावतात. मला स्ट्रायकर व्हायचंय. माझ्यावर अन्याय होतोय का? — म्हापसा

अन्याय नाही बाबा, हा तुझा फायदा आहे. मुतू उजव्या पायाचाच. त्याचे कितीतरी गोल डावीकडून आत शिरून केलेले आहेत.

उद्या दुलेरच्या मैदानावर गेलास की असं करून बघ. डाव्या रेषेजवळ उभा राहा, पण छाती रेषेकडे नको, मैदानाकडे उघडी ठेव. पास येईल तेव्हा बॉल डाव्या पायावर थांबवू नकोस. तुझ्यासमोरून जाऊ दे आणि उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं, किंचित पुढे, आतल्या दिशेला टच कर. तुझ्यावरचा राइट बॅक त्या क्षणी एका पायावर असतो. दुसऱ्या टचला तू बॉक्सच्या कोपऱ्यावर पोचलेला असशील. आता मान वर कर. गोली जवळच्या खांबाशी असेल तर लांबच्या खांबाकडे वळवून मार, जोर नको, वळण हवं. राइट बॅकला ही खोड कळली की पुढच्या वेळी तो आत शिरायची वाट बंद करेल. तेव्हा डाव्या पायानं बाहेरून जायचं. म्हणजे डावा पाय नुसता उभं राहायला ठेवून चालणार नाही, त्यालाही काम दे. भिंतीवर बॉल मारायचा सराव डाव्यानंच कर, रोज.

कोचना ‘सर, मला नंबर नऊ द्या’ असं सांगू नकोस. गोल कर, ते आपणहून देतील.

अहो, मुतूचं काय कौतुक? १९९० चा वर्ल्ड कप आम्ही वाड्यावर एकाच टीव्हीपुढे बसून पाहिला. रोमानियाचा फॉरवर्ड म्हणजे लाकातुश. तुमच्या पिढीला विसर पडला? — एक ज्येष्ठ वाचक, पेडणे

विसर कसा पडेल? बारीमधला तो सामना, सोव्हिएत संघाविरुद्ध २-०, दोन्ही गोल मारियस लाकातुशचे. दुसरा पेनल्टीवर; हाताला लागलेला बॉल बॉक्सबाहेर होता, हे टीव्हीवर आपल्या सगळ्यांना दिसलं, पंचाला तेवढं दिसलं नाही.

त्याहून मोठी गोष्ट चार वर्षं आधीची, १९८६ च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्याची. सेव्हिल शहर, लाकातुशचा बुखारेस्टचा क्लब स्तेआवा, समोर बार्सिलोना, सगळं स्टेडियम स्पेनचं. एकशेवीस मिनिटं गोल नाही. मग पेनल्ट्या, आणि पहिल्या चारही अडवल्या गेल्या, दोन इकडच्या, दोन तिकडच्या. पाचवी मारायला लाकातुश आला. त्यानं असा ठोसला की बॉल आडव्या दांड्याला खालून लागून आत. त्यानंतर बालिंटनं एक मारली, आणि स्तेआवाचा गोली दुकादाम यानं बार्सिलोनाच्या चारही अडवल्या. पूर्व युरोपातला पहिला क्लब युरोपचा विजेता झाला. लाकातुशही पुढे फिओरेन्तिनाला जाऊन आला, एकच हंगाम. फ्लॉरेन्सच्या या क्लबाला रोमानियन माणूस कसा वापरायचा हे मुतूच्या वेळी उमगलं असावं.

आकडेच हवे असतील तर दोघांच्याही मागे दुदु जॉर्जेस्कू उभा आहे. दिनामोकडून १९७६-७७ च्या एका हंगामात ४७ गोल, दोन वेळा युरोपचा गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचं बक्षीस. १९८६-८७ मध्ये दिनामोच्याच रोदिओन कामातारूनं ४४ केले, पण शेवटच्या सामन्यांत ते इतक्या धडाधड आले की लोकांना वास आला. हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत कुणी विचारायची सोय नव्हती. ती राजवट गेल्यावर ऑस्ट्रियाच्या टोनी पोल्स्टरलाही त्या वर्षाचा बूट दिला गेला. त्याचे ३९ होते. लीगच अशी असेल तर ४४ चा भाव काय धरायचा? मुतूचे गोल इटलीतले आहेत, मी तेवढ्यासाठी त्याला वर ठेवतो. तुम्ही लाकातुशला ठेवा, भांडण नाही.

रोमानियाकडून सर्वात जास्त गोल हाजीचे की मुतूचे? आमच्यात पैज लागलीय, हरणाऱ्यानं सगळ्यांना भाजी-पाव आणि मिरची द्यायची. — चार मित्र, डिचोली

दोघांचेही ३५. जॉर्जे हाजीला १२४ सामने लागले, मुतूला ७७.

मुतू एकटा पुढे जायला हवा होता, दोनदा. २००८ च्या युरोत, झुरिकमध्ये, इटलीविरुद्ध त्यानं पंचावन्नाव्या मिनिटाला गोल केला, पुढच्याच मिनिटाला पानुच्चीनं बरोबरी केली. मग ऐंशीव्या मिनिटाच्या सुमारास रोमानियाला पेनल्टी. गोली जियानलुइजी बुफ्फॉन, युव्हेंटसमधला याचाच जुना सोबती. त्यानं अडवली. ती गेली असती तर इटली बहुधा घरी गेली असती, आणि तुमचा प्रश्नही सुटला असता. पस्तिसावा गोल मार्च २०१३ मध्ये बुडापेस्टला हंगेरीविरुद्ध, तोही पेनल्टीवर. आता एकच हवा होता. पण त्या नोव्हेंबरात रोमानिया वर्ल्ड कपच्या प्ले-ऑफमध्ये ग्रीसकडून हरला, तेव्हा मुतूनं फेसबुकवर प्रशिक्षक व्हिक्टर पित्सुर्का यांचा चेहरा मिस्टर बीनच्या धडावर चिकटवलेलं चित्र टाकलं. महासंघानं त्याला राष्ट्रीय संघातून बाहेर काढलं आणि तो पुन्हा देशासाठी खेळला नाही.

तेव्हा पैज बरोबरीत. भाजी-पावचं बिल चौघांत सारखं वाटा, मिरची ज्याची त्यानं घ्यावी.